बारावं नाव

मोहाच्या झाडाखालचा पाला जाळला की पहाटे पडलेलं फूल काळ्या जमिनीवर नीट दिसतं. आंबागडच्या किल्ल्याखालच्या त्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. तीस वर्षांपूर्वी याच जाळण्यावरून वनखात्याच्या गार्डाने बायकांच्या टोपल्या उचलून नेल्या, तेव्हा पार्वताबाईने त्याची सायकल अंगणात आणून ठेवली आणि टोपल्या परत मिळेपर्यंत तीन दिवस तिच्यावर लुगडी वाळत घातली. तेव्हापासून गावात काही झालं की धरण्याला पार्वताबाईला पुढे बसवतात. दारूचं दुकान झालं, रेशन झालं, नळ झाला. बसून बसून तिचे गुडघे गेले.

या मार्चमध्ये पाला जाळल्याच्या नोटिसा अकरा बायकांना आल्या. नावं लिहून नेणारी गार्ड रीता, म्हणजे पार्वताबाईची सून. मुलगा अंकुश वारल्यापासून घर तिच्याच नोकरीवर चालत होतं.

दुपारी शेजारची दीपमाला आली. "मोठीमाय, उद्या ऑफिसासमोर बसाचं हाय. तू पुढं."

"माह्यानं होत नाही आता."

"कसं होईन? तुले नोटीसच नाही. लिवणारी घरचीच हाय." दीपमाला जाता जाता उंबऱ्यावर थांबली. "माचीस कोनाची होती, मोठीमाय?"

माचीस पार्वताबाईची होती. तिच्यासकट बाराही जणींच्या झाडांखाली तिच्याच काड्या लागल्या होत्या.

संध्याकाळी रीता बूट काढत होती.

"माहं नाव काहून नाही लिवलं?"

"राहू द्या ना आई."

"इसरली का?"

"नाही इसरली. या वयात तुमाले ऑफिसात उभं करू?"

"उभी कायले? जलमभर बसतच आली मी."

रीताला हसू आलं, पण टिकलं नाही. "आता लिवलं तं साहेब मलेच पुसन, पयले काहून सोडलं. नोकरीले दोन वर्षं बी नाही झाले."

दोघी वांग्याची भाजी-भाकर जेवल्या. आजवर प्रत्येकाने पार्वताबाईचं नाव पहिलं धरलं होतं. रीताने तेवढं वगळलं, आणि ते पार्वताबाईला बरं वाटलं होतं. दीपमालेला सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

सकाळी रीता आधीच निघून गेली होती. ओट्यावर पार्वताबाईसाठी डबा भरून ठेवलेला, झाकणावर गुडघ्याची गोळी.

ऑफिससमोर बायकांनी पुढची जागा रिकामी ठेवली होती. पार्वताबाई तिथे बसली नाही. पायऱ्या धरत धरत ती थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली. बाजूला रीता रजिस्टर घेऊन उभी होती.

"एक नाव राह्यलं साहेब. माचीस माही होती."

"मग यादीत कसं नाही?"

"गार्डबाईले येताना पाह्यलं न् मी झुडपामागं लपली. तिले दिसलीच नाही."

तिच्यामागे बायका दारापर्यंत आल्या होत्या. पार्वताबाई खाकी कपड्याला पाहून लपली, हे त्यांच्यातल्या एकीनेही खरं धरलं नाही. दीपमालेने तोंड उघडलं. पार्वताबाईने नुसतं तिच्याकडे पाहिलं. दीपमालेने पदर तोंडाला लावला.

"लिहून घ्या," साहेब म्हणाले.

रीताने मान वर केली नाही. "पूर्ण नाव सांगा."

"पार्वताबाई परसराम वलथरे."

अक्षर थोडं वाकडं आलं. मग पार्वताबाई बाहेर आली, आणि बायका पुढून हाका मारत असताना सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ टेकून बसली. डबा उघडायच्या आधी तिने गोळी घेतली.