पुस्तिकाबाई आणि दोन बोटं जास्तीचा कागद

घरगुती उपकरणांच्या त्या दुकानात पंधरा माणसं कामाला होती आणि त्यातल्या चौदा जणांनी कुठल्याही यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका कधी उघडली नव्हती. पंधराव्या बाई. त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचायच्या, बारीक अक्षरातलं तर दोनदा. म्हणून सहकाऱ्यांनी त्यांचं नाव पुस्तिकाबाई ठेवलं. ठेवलं होतं चिडवायला, पण बाईंनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं आणि चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

त्यांचं काम डेमो दाखवायचं. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून एक ओटा, त्यावर तीन-चार यंत्रं आणि ओट्यामागे बाई. बुटक्या, पन्नाशी उलटलेल्या, चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. बारा वर्षांपूर्वी त्या तिथे खोकी उघडायला आणि फरशी पुसायला लागल्या होत्या. खोक्यातून पुस्तिका निघायची, गिऱ्हाईक ती तिथेच टाकून जायचं आणि बाई डबा खाता खाता ती वाचून काढायच्या. एकदा विक्रेत्याला एका प्रश्नाचं उत्तर येईना, तेव्हा फरशी पुसता पुसता बाईंनी खालूनच ते देऊन टाकलं. मालक हुशार. दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना ओट्यामागे उभं केलं. पुढे त्याला थोडा पश्चात्तापही झाला असावा, कारण बाई गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, "तुमच्या घरात हे नुसतं धूळ खाणार. नेऊ नका."

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा गेले ती भांडायला.

झालं होतं असं, की माझे वडील, अप्पा, दोन खोल्यांच्या घरात एकटे राहतात. वय तेव्हा शहात्तर. उजवा हात थरथरतो. सगळा जन्म पुस्तकबांधणीत गेलेला, कागदाशिवाय दुसरं काही माहीत नाही. आई गेल्यावर ते स्वयंपाक शिकले आणि त्यात असे रमले, की मलाच फोन करून कांदा कसा चिरावा ते सांगायला लागले. पण दोनदा गॅस चालू राहिला. मग मी गॅस काढून टाकला आणि त्यांना त्या दुकानातून गरम वाऱ्यावर भाजणारा विजेचा एअर फ्रायर ओव्हन आणून दिला. ज्योत नाही म्हणजे धोका नाही, असं माझं सरळ गणित होतं. ट्रे घासायला त्यांचा हात चालत नाही, म्हणून ट्रेवर घालायला पार्चमेंट पेपरची गुंडाळीही दिली. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा भलतीच खूश होते.

एका मंगळवारी दुपारी अप्पांनी ट्रेवर कागद अंथरला, तो रिकामाच ट्रे आत सरकवला आणि यंत्र तापायला लावून बटाट्याच्या फोडी करत बसले. आतल्या पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाला, वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटला आणि पेटला. घाबरून अप्पांनी दार उघडलं तसा जाळ बाहेर आला. एक भुवई गेली, दोन बोटं भाजली. पेटता कागद त्यांनी कसाबसा ओढून मोरीत टाकला. शेजाऱ्यांनी मला फोन केला.

त्याच संध्याकाळी दादा आणि मी फोनवर दहा मिनिटांत निकाल लावला. दादा माझा मोठा भाऊ, दुसऱ्या गावी असतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गाडी घेऊन येणार, घर बंद करणार आणि अप्पा माझ्याकडे येणार. आम्ही फार समजूतदार मुलं आहोत असं आम्हाला वाटलं. अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्याकडे मी दिवसभर काय करू?"

"काही करायचं नाही, अप्पा. आराम करायचा."

अप्पा भाजलेल्या बोटांवरची पट्टी नीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी मी ते यंत्र पिशवीत घालून दुकानात गेले आणि ओट्यावर आदळलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला होता. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग चष्मा कपाळावरून खाली ओढून विचारलं, "पुस्तिका वाचली होती का?"

"हो."

"कागदाबद्दल कुठल्या पानावर आहे?"

मी औषधाच्या दुकानात काम करते. जेवणाआधी, जेवणानंतर, रिकाम्या पोटी नको, असं दिवसभर लोकांना बजावत असते आणि कोणी ऐकलं नाही तर त्यांना मनात शिव्या घालते. आणि इथे मी बापाच्या हातात यंत्र दिलं होतं आणि पुस्तिका कुठे ठेवली हेसुद्धा मला आठवत नव्हतं. लाजेने कान तापले.

"कागद कोणी कापला होता?" बाईंनी विचारलं.

"वडिलांनीच. त्यांचा जन्म गेलाय कागद कापण्यात."

"मग मला त्यांना बघायचंय," बाई म्हणाल्या. "उद्या माझी सुट्टी. पत्ता द्या. आणि हे परत घरी न्या, यात काही बिघाड नाही."

गुरुवारी सकाळी दहाला बाई हजर. कापडी पिशवीत कात्री, पुस्तिका आणि स्वतःचा डबा. अप्पा जरा अंग चोरूनच समोर आले. एकाच भुवईने त्यांचा चेहरा गुन्हा कबूल केल्यासारखा दिसत होता. बाईंनी ना विचारपूस केली ना हळहळ. म्हणाल्या, "काका, त्या दिवशी जे जे केलं ते सगळं करून दाखवा. यंत्र बंदच राहू दे."

अप्पांनी गुंडाळी सोडली, ट्रे कागदावर ठेवला आणि चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जास्तीचा कागद ठेवून कापला. हात थरथरत होता, पण कड सरळ आली. मी पटकन पुढे होऊन कात्री घेणार, तेवढ्यात बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"जास्तीचा का ठेवलात?"

"मार्जिन," अप्पा म्हणाले. "बांधणी झाल्यावर कडा छाटायला लागते ना. नेमक्या मापाचा कागद घेतला की काम बिघडतं. पन्नास वर्षांत मी नेमका कागद कधी घेतला नाही."

बाई हसतील असं मला वाटलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बांधणीबद्दल पंधरा मिनिटं विचारत राहिल्या. मार्जिन किती, टाका कुठे, पुठ्ठा कधी लावायचा. अप्पा बोलताना ताठ होत गेले. मग बाईंनी त्यांचा तो जास्तीचा कागद ट्रेवर ठेवून यंत्रात सरकवला, पदार्थ सुकवण्याच्या सगळ्यात कमी उष्णतेवर क्षणभर पंखा सुरू केला आणि काचेकडे बोट दाखवलं. कागदाच्या मोकळ्या कडा फडफडत वर उठल्या. बाईंनी लगेच यंत्र बंद केलं, प्लगही काढला.

"वर काय आहे?"

"कॉइल," अप्पा म्हणाले. ते बराच वेळ काचेतून बघत होते. "म्हणजे इथे छाटणी आधी करायची."

"आधी. ट्रेच्या कडेच्या आतच, चारी बाजूंनी थोडा लहान. आणि कागदावर वजन हवं. यंत्र तापवायचं तर कागद बाहेर. तापल्यावर कागद आणि त्यावरचा पदार्थ एकदमच आत जाणार. तुमच्याकडे पुठ्ठ्याशिवाय पुस्तक असतं का? तसा इथे पदार्थाशिवाय कागद नाही."

गुंडाळीचं खोकंही त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. कागद किती उष्णतेपर्यंत चालतो ते त्यावर छापलेलं असतं हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तो आकडा अप्पांकडून मोठ्याने वाचून घेतला आणि यंत्र त्याच्या वर न्यायचं नाही असं बजावलं. मेणाचा कागद तर घरातच आणायचा नाही, त्याचं मेण वितळतं. धूर दिसला तर काय करायचं तेही सांगत होत्या, पण मी मध्ये मध्ये इतकी बोलत होते, की शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"काही आणायचंय का?"

"नाही. नुसत्या जा."

मी जिन्यात जाऊन बसले. चाळीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी नाक वर करून जळका वास येतोय का बघत होते. वास आला तो भाजलेल्या बटाट्यांचा आणि आवाज आला तो अप्पांच्या हसण्याचा. आई गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. मला तिथेच पायरीवर रडू आलं.

परत गेले तर भिंतीवरच्या खिळ्याला ट्रेच्या आतल्या मापाचा पुठ्ठा टांगलेला. त्या मापाने कापलेल्या कागदांची चळत टेबलावर, आणि अप्पा बांधणीच्या जुन्या टोच्याने त्यात ओळीने भोकं पाडत होते, हवा खेळती राहावी म्हणून. टोचा दाबायला थरथरता हातही चालत होता. बाई शेजारी बसून अप्पांनी केलेले बटाटे स्वतःच्या डब्याबरोबर खात होत्या.

"मीठ कमी आहे, काका," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम," अप्पा म्हणाले. "रक्तदाब."

त्यानंतर आणखी दोन गुरुवार बाई आल्या. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलंही नव्हतं. आल्या आणि अप्पांकडून सगळं करून घेऊन गेल्या.

ठरलेल्या रविवारी दादा आला. गाडीत घडी केलेली खोकी, चिकटपट्टी, सगळी तयारी. त्याला बाईंबद्दल मी सांगितलं होतं, पण दादाला फोनवर सांगितलेलं कधी पटत नाही. "जेवू आणि आवरायला घेऊ," तो म्हणाला. अप्पांनी कोंबडीचे तुकडे आत ठेवले होते. मी आणि दादा टेबलाशी बसलो. अप्पांच्या घरातलं हे शेवटचं जेवण, असं माझ्या मनात सारखं येत होतं, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

पंधरा मिनिटांनी यंत्रातून धूर यायला लागला.

मी खुर्ची पाडून धावले आणि दाराच्या मुठीला हात घातला. अप्पांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने, त्या थरथरत्या.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "हवा आत गेली की पेट घेईल."

त्यांनी बटण बंद केलं. प्लग काढला. मग हात पाठीमागे बांधून काचेसमोर उभे राहिले. काही जळत नव्हतं. कोंबडीची चरबी खालच्या ट्रेवर गळून नुसता धूर झाला होता. तो हळूहळू विरला. सहा-सात मिनिटं तरी ते तसेच उभे होते आणि आम्ही दोघं शाळेत उभं केल्यासारखे त्यांच्या मागे. यंत्र निवल्यावर त्यांनी खालचा ट्रे काढून पुसला, कागद बदलला, तुकडे नीट मांडले आणि पुन्हा सुरू केलं.

"हे कोणी शिकवलं?" दादाने विचारलं.

"माझ्या मास्तरीणबाई आहेत," अप्पा म्हणाले. "तू आधी हिला शिकव. ही घर पेटवेल."

जेवण झाल्यावर दादा खाली गेला तो गाडीतून आणलेला खाऊ घेऊन वर आला. खोकी गाडीतच राहिली. त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. अप्पांनी तो खाऊ दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. बाईंपुढे गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. आभार मानले. शेवटी विचारलं, "बाई, तुम्ही तुमच्या तीन सुट्ट्या आमच्यासाठी का घालवल्यात?"

बाई ओटा पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"एकदा माझ्या आईच्या बाहीला जाळ लागला. नुसती बाही जळली. पण मी घाबरले. स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. त्यानंतर ती वर्षभर जगली. अंगावर ओरखडाही उठला नाही तिच्या." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "दुपारी ताट पुढे ठेवलं की मला विचारायची, आज काय आहे? घरातल्या आम्ही पाच जणांनी जन्मभर तिला विचारलेला प्रश्न होता तो."

मागून कोणीतरी हाक मारली आणि त्या चष्मा कपाळावर सरकवून डेमो दाखवायला गेल्या.

मी त्या बाईंची ऋणी आहे, आणि हे ऋण मला फेडायचंही नाही. अप्पा आता एकोणऐंशीचे आहेत, त्याच दोन खोल्यांत. रविवारी मी जाते, हात धुऊन टेबलाशी बसते आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडूनच विचारते, "अप्पा, आज काय आहे?"

"बस आधी," अप्पा आतून म्हणतात. "ताटात आलं की कळेल."