मुरुमाखालची काळी माती

खकनारकडची आमची जमीन उताराची. पावसाळ्यात तिचं काळं अंग ओढ्यातून तापीकडे वाहून जातं आणि मागे मुरूम उरतो. गावातल्या चुडामणनं ते तीन वर्षं अडवलं. डोक्यावर दगड वाहून त्यानं आपल्या शेताला चार बांध घातले. बांधांपाशी वीतभर माती साचली, तेव्हा तो ती मुठीत घेऊन बराच वेळ उभा होता.

माती अडवणाऱ्याला पाच वर्षं शेतसारा माफ, असा नागपूरच्या सरकारचा शब्द होता. पण छप्पन साली आमचा कारभार भोपाळला गेला, आणि तो शब्द नवं सरकार पाळेल का ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातच पटवारी बांध पाहायला येणार अशी दवंडी पिटली.

चुडामणला जुनी गोष्ट आठवली. त्याच्या आजोबाच्या वेळी साहेबांनी नवी विहीर पाहिली, जमिनीचा दर्जा चढवला आणि सारा इतका वाढला की अर्धं शेत गेलं.

"माफी पाच वर्षांची, चढलेला दर्जा कायमचा. काळी माती दिसली तर आपलंही तेच होईल," तो बायकोला म्हणाला.

"मग दिसूच नका देऊ," मालूबाई म्हणाली.

दोन दिवस दोघांनी टोपल्यांनी मुरूम आणून त्या मातीवर पसरला. शेजारचा कडू बांधावर बसून हसला. "चुडामणभाऊ, नवरीच्या तोंडाले राख फासून राह्यला का?"

चुडामणला हसू आलं नाही.

पटवारी विनायकराव सायकलवरून आले, चारही बांध फिरले. "माती कुठंय रे? सगळा मुरूमच. बांध निकामी, असं लिहितो. दगड सडकेच्या कामाला जातील."

बांध गेले तर एका पावसात सगळं तापीला मिळणार होतं. चुडामण गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी मुरूम उकरू लागला. नखं फुटली. खालची ओली, काळी माती वर आली.

विनायकरावांनी ढेकूळ हातात घेऊन दाबलं. "लपवली कशाला?"

"भीती वाटली, साहेब. दर्जा चढवाल म्हणून."

"माफी लिहितो. दर्जाचं मात्र भोपाळवाले ठरवतील, ते माझ्या हाती नाही."

माफी मिळाली; दर्जाबद्दल भोपाळहून काही कळलं नव्हतं. त्या हिवाळ्यात चुडामणनं पाचवा बांध घालायला घेतला. पण वाटेवर सायकलची घंटी वाजली की हातातला दगड तसाच राहायचा, आणि मालूबाई ओट्यावरून विचारायची, "कोण आलं हो?"