खाटेवरची बाटली

बापाची लघवी अडली तेव्हा मळ्यात वांग्याचा तोडा सुरू होता. बार्शीटाकळीच्या बाजूला आमचा भाजीचा मळा. बाप चारचौघांत मान असलेला माणूस, भांडण त्याच्यापुढे आलं की तिथंच मिटे. तो माणूस गोठ्यामागं उकिडवा बसून कण्हत होता आणि थेंब येत नव्हता. मायनं साठवलेली पळसाची फुलं उकडून ओटीपोटावर बांधली. पळसानं पुष्कळांचं भागते, म्हणून आम्ही वाट पाहिली. पोट घागरीसारखं तट्ट झालं तेव्हा मी कोणाला न विचारता गाडी जुंपली आणि अकोल्याचा सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डाक्टरनं रबराची नळी आत घातली. बाटली भरत गेली तसा बापाचा चेहरा सैल होत गेला.

"पोरा," तो म्हणाला, "ह्या डाक्टराले वांगी आणून दे. चांगली निवडून आणजो, किडकी नको."

नळी मांडीला पट्टीनं बांधली, दुसरं टोक काचेच्या बाटलीत आणि बाटली खाटेखाली. आतली गाठ सुजली आहे, अमरावतीचा मोठा डाक्टर फेरीला येईल तेव्हा पाहील, असं सांगितलं. त्यानंतर बाटली रिकामी करायला माणूस येई, पण त्या नळीचं पुढं काय, हे कोणी विचारलं नाही.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. गावचे लोक भाकरी-झुणका बांधून येत आणि खाटेजवळ जमिनीवरच पंगत बसे. तिथंच, भाकरीपासून हातभर अंतरावर ती पिवळी बाटली. आमच्या घरी जेवणाऱ्याच्या नजरेला परसाकडचा तांब्यासुद्धा पडू देत नाहीत. माझा चुलता घास हातात धरून थांबला. बापानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"वर घ्या ते," तो म्हणाला.

मायनं बाटली उचलून त्याच्या कुशीशी, भिंतीच्या बाजूला ठेवली. बाटलीच्या तोंडात फडकं कोंबलं आणि वरून धुतलेलं धोतर टाकलं. सगळ्यांना हायसं वाटलं. लोक जेवले. मग तेच सुरू झालं. नर्सबाईचा फेरा आला की बाटली खाली, ती गेली की वर.

एका दुपारी बापाला हुडहुडी भरली. लोखंडी खाट वाजायला लागली, इतकी. मी दोन गोधड्या टाकल्या आणि वरून स्वतः दाबून बसलो. माय ओरडली म्हणून नर्सबाई धावत आली. तिनं गोधडी ओढली, धोतर ओढलं, आणि बाटली पाहिली.

"हे कोनाचं डोकं?"

"लोकं जेवतात जी इथं," माय म्हणाली.

"जेवतात? माळी ना तुमी? पाटाचं पाणी चढावर जाते का?"

"माह्या बापाची इज्जत हाय, बाई," मी म्हणालो.

"इज्जत ठेव बाजूले. बाटलीतली घाण उलटी त्याच्या पोटात जाऊन राहिली!"

मी तेच आणखी मोठ्यानं बोललो.

दुसऱ्या सकाळी अमरावतीचा डाक्टर आठवडाभराच्या मुक्कामाला आला. ज्या खाटेला नळी दिसे तिथं तो थांबे, रोग्याच्या कपाळाला हात लावी आणि एकच विचारी, "ही अजून कशासाठी?" एका ठिकाणी उत्तर मिळालं, रोग्याला उठवत नाही, चादर कोरडी राहते. दुसऱ्या ठिकाणी सगळे एकमेकांकडं पाहत राहिले. आमच्या खाटेशी इथला डाक्टर म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठीच ठेवली होती."

"माझ्यासाठी?" तो म्हणाला. "ताप कोणाला आहे ते पाहा जरा. बहुतेक नळीवाल्यांनाच. उद्यापासून रोज सकाळी मला प्रत्येक नळीचं कारण पाहिजे. कारण नसेल तर नळी नको."

मग तो माझ्याकडं वळला. "आता काढून पाहू. जितके दिवस राहील तितकं विष वाढेल."

बापानं नळी मुठीत धरली. तापानं डोळे लाल, पण पकड मळ्यातलीच.

"नाही काढू देत. ती जीवघेणी कळ पुन्हा नाही पाहिजे मले."

"बुढ्याले मारतं का बे?" चुलता माझ्यावर आला. "नळीनंच तर वाचला तो!"

बाप आणि चुलता, दोघंही खोटं बोलत नव्हते. पण मला ती हुडहुडी दिसत होती. मी बापाची बोटं एकेक करून सोडवली. जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर जोर केला. डाक्टरला म्हणालो, "काढा."

नळी निघाली आणि वाट पाहणं सुरू झालं. माय ह्या तांब्यातून त्या तांब्यात पाणी ओतत होती, आवाजानं सुटेल म्हणून. सुटलं नाही. चार बायका-माणसांसमोर, खाटेवर पडून, माझ्या बापाला ते जमणारच नव्हतं. आयुष्यभर तो शेताच्या धुऱ्यावर, बांधाआड उकिडवा बसला होता. मी त्याला उचललं. नर्सबाई म्हणाली, "कुठं चालला?" मी थांबलो नाही. दवाखान्यामागच्या निंबाखाली त्याला बसवलं, पाठीमागून काखेत हात घालून धरलं आणि तोंड फिरवलं.

बराच वेळ काही नाही. त्याचं अंग माझ्या छातीला तव्यासारखं भाजत होतं. मग आवाज आला. आधी तुटक, मग धार.

"पाह्य," बाप म्हणाला, "बंद नाही पडला अजून तुहा बाप."

चुलता हसला. मायनं नर्सबाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तिनंही तो तोंडात टाकला. घटकाभर आम्हाला वाटलं, जिंकलो.

ताप मात्र उतरला नाही. लघवी मोकळी होती, पोट मऊ होतं, आणि माणूस जळत होता. विष रक्तात गेलं, असं अमरावतीचा डाक्टर म्हणाला. आज सुई देतात तशी तेव्हा नव्हती. कपाळावर ओल्या घड्या ठेवायच्या, एवढंच हातात होतं. ठेवलेली घडी लगेच कोरडी व्हायची. मी देवाला शिव्या दिल्या, डाक्टरच्या पायावर डोकं ठेवलं. कोणापुढं न वाकणारा मी. त्यानं मला उठवलं.

"चार दिवस आधी काढली असती तर?" मी विचारलं.

"तर कदाचित," तो म्हणाला. खोटा धीर दिला नाही, हे त्याचं मी मानतो.

बाप बरळत होता. वांग्याला पाणी सोडा म्हणत होता. मायनं प्रत्येक वेळी सांगितलं, "सोडलं जी, सोडलं." मग त्यानं विचारणं थांबवलं.

आम्ही त्याला धोतरात बांधत होतो तेव्हा झाडूवाला सुतळीचं बंडल घेऊन वॉर्डात आला आणि एकेक बाटली खाटेच्या खालच्या दांडीला बांधायला लागला, कोणाला उचलता येऊ नये अशी. माय त्याच्याकडं पाहत उभी राहिली. ती हलेना. मी तिचा दंड धरून तिला गाडीकडं नेलं.