छत्रीचा कावळा

आमचे मालक गेले, त्यानंतर चौथ्या दिवशी मी कावळा करायला बसले.

खरा नव्हे, खोटा. माझी नात स्वरा परभणीला बालवाडीत जाते. आजोबा गेले म्हणून तिला गावाकडं आणलं, शाळा बुडाली. पण शाळेच्या बाईंनी काही तिला सोडलं नाही. रोज सकाळी सुनेच्या मोबाइलवर एक काम यायचं. पहिल्या दिवशी आलं, बुटाच्या खोक्याचा हत्ती करा. आमच्या घरात बुटाचं खोकं यायला आधी बूट यायला पाहिजेत. ओसरीवर बाया गळा काढून बसलेल्या आणि माझी सून शीतल त्यांच्यामधून खोकं शोधत फिरत होती. दुसऱ्या दिवशी कापसाचा ससा आला. तो बरा झाला. (कापूस भरपूर होता. भाव नाही म्हणून अर्धं घर त्यानंच भरलेलं. मालकांना ठेवायला जागा करताना माणसांची दमछाक झाली होती.)

मग हे पक्ष्याचं काम आलं. टाकाऊ वस्तूंपासून एक पक्षी करा. तो झाडावर बसवा. लांब बसून बघा, त्याच्याजवळ खरे पक्षी येतात का.

"कोणता पक्षी करायचा गं?" मी विचारलं.

"कावळा," स्वरा म्हणाली.

पोरीचा दोष नाही. घरात जो तो कावळ्याचंच बोलत होता. दहाव्याला नदीवर पिंड ठेवायचे, कावळा लगेच शिवला तर माणूस तृप्त होऊन गेला, नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकला. पोरीनं एवढंच ऐकलं की कावळा येणार आहे आणि सगळे त्याची वाट बघत आहेत. तिला वाटलं असेल, हाच पाहुण्यांतला मोठा पाहुणा.

शीतल स्वयंपाकात अडकलेली, माधवला, म्हणजे माझ्या मुलाला, दाढी न करता बसण्यापलीकडं काम नव्हतं, पण त्याच्या हाताला कधी वळण नाही. मग मीच बसले. खुंटीवर मालकांची काळी छत्री होती, काड्या मोडलेली. ती काढली आणि कापड फाडलं.

फाडल्याचा आवाज ऐकून सुभद्रा आली. सुभद्रा म्हणजे माझी ननंद, मालकांची धाकटी बहीण. गंगाखेडला असते, तिचाही नवरा गेलेला, मुलगा पुण्याला. तिच्या माझ्यात भांडण असं नाही. मी भाकरी थापताना ती मागं उभी राहून बघते, एवढंच. माझ्या लग्नापासून बघते आहे.

"वैनी, दादाची छत्री फाडायलात? अजून त्याचा दहावा न्हाई झाला."

"ते आता भिजणार हायत का?"

"आन् ही सुई कशाला घेतली? सुतकात सुई धरत न्हाईत."

"मग कावळा कशानं जोडू?"

"बांधा की दोऱ्यानं. आमच्याकडं न्हाई बाई चालत सुई."

आमच्याकडं म्हणजे कुणाकडं, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी सुई ठेवून दिली आणि कावळा नुसता बांधला. अंगात कापूस भरला. डोकं पोकळ राहू नये म्हणून त्यात सरकी ठासली. छत्रीचं लोखंडी टोक चोच झालं, काड्या वाकवून पाय झाले, पंखांना कापडाच्या पट्ट्या. डोळ्यांना मालकांच्या बंडीची बटणं लावली. सांगायला नको, पण माझ्या हातून आजवर एवढं चांगलं काही झालेलं नाही. आमची शेळी त्याला बघून दावं तोडायला लागली.

"आजी, हा चावतो का?" स्वरानं विचारलं.

"शाळेतल्या बाईला चावंल," मी म्हणाले.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण खरं दुखणं तेच होतं. मालक गेल्यावर माझं काय करायचं, यावर ओसरीवर रोज सभा भरत होती. त्या सभेला मी नव्हते, मी आत सगळ्यांचा चहा करत होते. माधवचं म्हणणं, घराला कुलूप लावायचं आणि आईला परभणीला न्यायचं. परभणीला त्याच्या दोन खोल्या. एकीत गॅस, दुसरीत पलंग, पलंगाखाली पाण्याच्या टाक्या. मी कुठं झोपणार, असं विचारलं तर म्हणाला, "बघू आई."

"मी हितंच राहणार," मी सांगितलं. "घर हाय, शेळी हाय, हातपाय हायत."

"लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचा चहा मीच करायले. मला तर कुणी काही म्हणलं न्हाई."

यावर सुभद्रा पदर तोंडाला लावून म्हणाली, "दादाला विचारून ठेवायला पाहिजे होतं."

विचारलं होतं की. त्या माणसाला मी जन्मभर विचारत आले. भाजी काय करू? "कर काहीही." पोरीकडची मंडळी पसंत आहेत का? "तुम्ही बघा." विहीर कुठं पाडायची? "पाडा कुठंही." (पाडली. पाणी नाही.) शेवटच्या दिवशी तोंडात पाणी घालताना विचारलं, काही पाहिजे का, काही सांगायचंय का. डोळे उघडून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "बघू." तेवढ्यावर गेले.

दहाव्याला सगळे गोदावरीवर गेलो. ऊन सकाळीच चढलेलं. गुरुजींना पुढं दुसऱ्या गावी आणखी एक दहावा होता, ते भराभर मंत्र म्हणत होते. नदीकाठी एक मोठा लिंब आहे, त्याच्या सावलीत दगडांवर पिंड मांडतात. शीतलनं पिशवीतून स्वराचा कावळा आणला होता. ती मला म्हणाली,

"आत्याबाई, हितं झाड हाय तर बांधून टाकते. फोटो काढला की काम सुटलं. बाईंचे दोन मेसेज आलेत."

"बांध," मी म्हणाले. मी वर बघितलंसुद्धा नाही. माझी रडायची वेळ जवळ आली होती आणि मला रडायला पटकन येत नाही, आधी जरा तयारी लागते. शीतलनं फांदी खाली ओढून कावळा पायांनी घट्ट बांधला. फांदी सोडली, ती वर गेली, पानांत शिरली. तिनं फोटो काढला आणि बायकांत येऊन बसली.

पिंड मांडले. सगळे मागं सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, चांगले थवाभर. ओरडत होते, माना वाकड्या करून भाताकडं बघत होते. एक उडाला, अर्ध्या वाटेवर आला आणि काहीतरी आठवल्यासारखा परत फिरला. दुसरा आला, तोही फिरला. नंतर कुणी उडेच ना.

भावकी कुजबुजायला लागली. मालकांचे चुलत भाऊ नामदेवभाऊजी पुढं झाले. दहाव्याला मेलेल्याशी बोलायचं काम आमच्या गावात त्यांच्याकडंच असतं.

"दादा, माधव शेत विकणार न्हाई. शिवा आता."

माधव दचकला. शेताचं बोलणं त्यानं कुणाजवळ केलं होतं कुणास ठाऊक. "न्हाई विकत आबा," तो पिंडाकडं बघून बापाला म्हणाला. आवाज बारीक होता. कावळे हलले नाहीत.

"नातीला लय शिकवू. डॉक्टर करू."

कावळे नाहीत.

कुणी तंबाखूची पुडी ठेवली. कुणी चहा आणून ठेवला. नामदेवभाऊजी माझ्याकडं वळले. "वैनी, त्याला आवडायचं काय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एवढा संसार झाला आणि नवऱ्याला काय आवडतं ते मला सांगता येईना. शेवटी मी म्हणाले, "गप बसायला आवडायचं." हे काही पिंडाशेजारी ठेवता येण्यासारखं नव्हतं.

मग माधव पुढं आला, हात जोडले. "आबा, आईची काळजी करू नका. तिला मी परभणीला नेतो."

बाभळीवरून एक कावळा उठला. तो आला, आला, लिंबाजवळ पोचला आणि ओरडत उलटा पळाला.

"बघा," मी मोठ्यानं म्हणाले. "नको म्हणाले ते."

बायकांनी माना डोलावल्या. माधवचं तोंड उतरलं. नामदेवभाऊजी म्हणाले, "बरं दादा, मग वैनी हितंच राहतील, आपल्या घरात. झालं?"

आता येईल, मला खात्री होती. पदराखाली मी हात जोडले, खरंच जोडले. नवऱ्याकडं जन्मात काही मागितलं नव्हतं, तेवढं मागितलं. पुन्हा एक कावळा उठला, पुन्हा लिंबापर्यंत आला आणि पुन्हा पळाला.

तिकडंही नको आणि इकडंही नको. मेल्यावरसुद्धा या माणसानं मत दिलं नाही.

ऊन डोक्यावर आलं. म्हातारी माणसं बसल्या जागी वाकायला लागली. गुरुजी म्हणाले, "किती वेळ थांबणार? दर्भाचा करून लावू." शास्त्रात तशी सोय आहे, खरा कावळा आला नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. त्यांनी चार काड्या घेतल्या, दोन गाठी मारल्या.

स्वरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हे काय आहे?"

"कावळा आहे बाळा."

"ह्याला चोच कुठंय?"

"मंत्रानं होतो तो कावळा."

"डोळे पण नाहीत. आमच्या बाई ह्याला स्टार देणार नाहीत." गुरुजींचा हात थांबला. "माझा घ्या. माझा चांगला आहे." आणि तिनं वर बोट दाखवलं.

सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं, पहिल्यांदाच.

सरकीनं डोकं जड झालेलं आणि सुई न लावल्यानं सगळा भार त्या बांधलेल्या पायांवर आलेला. माझा कावळा उलटा लटकत होता, पाय वर, मुंडकं खाली, पंख पसरलेले, वाऱ्यावर हळूहळू फिरत. भुईमूग पेरला की आम्ही शेतात मेलेला कावळा असाच उलटा टांगतो. मग दुसरा कावळा त्या रानात उतरत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी स्वतःच्या हातानं टांगत आले आहे. आणि आता नवऱ्याच्या पिंडावरही मीच टांगला, तोही त्याच्याच छत्रीचा.

माधव चप्पल काढून झाडावर चढला आणि कावळा सोडायला लागला. मी तोंड उघडणार, इतक्यात सुभद्रा उठली. तिचं लक्ष झाडाकडं नव्हतंच. ती पिंडापुढं बसली, पदर पसरला आणि रडत म्हणाली, "दादा, मला कळलं तुझा जीव कशात हाय. वैनीला मी नेते माझ्याकडं. गंगाखेडला. आमी दोघी राहू मरेपर्यंत."

माधवनं कावळा काढून पिशवीत घातला.

सगळा थवा एकदम खाली आला. एक नाही, दोन नाही, पिंड दिसेना इतके. भात संपवला, चहा सांडला, तंबाखूची पुडीसुद्धा एकानं पळवली.

"सुटला दादा," सगळे म्हणाले. बायका रडल्या. आता मलाही रडायला आलं, अगदी खरं, आणि त्याचंही सगळ्यांना बरं वाटलं.

"अहो, तो कावळा काढला म्हणून आले ते," मी नामदेवभाऊजींना बाजूला घेऊन म्हणाले. "तुमी बघितला न्हाई का? बुजगावणं होतं ते."

"बघितला," ते म्हणाले. "समद्यांनीच बघितला. पण वैनी, आता हे बोलू नका. लोक सकाळपासून उपाशी हायत."

माधवला सांगितलं. त्यानं खाली बघितलं. "आबांची इच्छा हाय आई," तो म्हणाला, आणि त्याच्या दोन खोल्या वाचल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मला साफ दिसला. मी महिनाभर हट्ट धरून गावात राहिले. पण पिंडापुढं दिलेला शब्द मोडला म्हणून, गावात कुणाची म्हैस आटली तरी बाया माझ्या दाराकडं बघायच्या. शेवटी शेळी शेजारी दिली आणि एसटीत बसले.

आता मी गंगाखेडला असते. भाकरी मी थापते, मागं सुभद्रा उभी असते. स्वराच्या शाळेच्या त्या कामाचा फोटो शीतलनं पाठवला होता. 'खरे पक्षी आले का?' असं बाईंनी विचारलेलं, खाली शीतलनं लिहिलं होतं, 'खूप आले.' स्वराला स्टार मिळाला.

परवा भाकरी टाकता टाकता मी सुभद्राला सगळं सरळ सांगून टाकलं. शेतातलं टांगणं, सरकी, उलटं मुंडकं, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग वैनी," ती म्हणाली, "पोपट करायचा होता."

माझ्या लग्नापासून आजवर ही बाई एवढं एकच शहाणपणाचं बोलली, आणि ते ऐकायला मला तिच्याकडं कायमचं राहायला यावं लागलं.