मेहबूब मास्तरांची शिलाई

कापड हातात आलं की मेहबूब मास्तर आधी ते कानाजवळ नेऊन चुरगाळायचे. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडाकडे धरायचे. गिऱ्हाईक घाईत असेल, तर हे सगळं आणखी सावकाश. "कापड बोलतंय, जरा गप बसा," म्हणायचे. मला इतका वैताग यायचा की मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचो.

इंदापुरात त्यांचं ताडपत्री शिवायचं दुकान होतं. उसाच्या ट्रकवाल्यांची, मांडववाल्यांची सगळी कामं त्यांच्याकडे. माझा उद्योग निराळा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की मधल्या बेटाचा रेताड किनारा उघडा पडतो आणि दुपारनंतर तिथं असा वारा सुटतो की डोक्यावर टोपी राहत नाही. पायाखाली फळी, कमरेला दोऱ्या आणि वर खोलीएवढा पतंग घेऊन पाण्यावरून सुसाट जाणारी पुण्याची मंडळी तिथं येऊ लागली. मी बेटावर तंबू टाकले आणि जुने पतंग आणून भाड्यानं देऊ लागलो. ते वेड्या बाभळीत अडकून फाटायचे.

पहिला फाटका पतंग बघून मास्तर म्हणाले, "केवढा हा! कुणाच्या पोराचा?"

"मोठी माणसंच उडवतात, मास्तर."

"कामधंदा न्हाय व्हय त्यास्नी?"

पण त्यांनी तो लगेच शिवला नाही. "वारं कुठनं धरतंय ते बघितल्याबिगर टाका घालायचा न्हाय," म्हणून हटून बसले. शेवटी मी त्यांना होडीतून बेटावर नेलं. एका हातानं टोपी धरून ते तासभर आभाळाकडे बघत उभे होते. परत आल्यावर त्यांनी दुहेरी नागमोडी शिलाई घातली. त्यांनी शिवलेला पतंग पुन्हा कधी त्या जागी उसवला नाही.

एका शनिवारी मी नारिंगी पतंग आणायला गेलो. मास्तरांनी तो शिवला होता, पण शिलाईशेजारी निळ्या खडूनं मोठी फुली मारली होती.

"टाका धरंल, सुरेशराव. कापड न्हाय धरायचं. उन्हानं खाल्लंय. ह्याच्या आता बाजाराच्या पिशव्या करा."

रविवारसाठी सगळे पतंग आधीच ठरलेले होते. मी पतंग घरी नेला, ओल्या फडक्यानं फुली पुसली आणि दुसऱ्या दिवशी तो पुण्याच्या एका मुलाच्या हाती दिला.

पतंग हवेतच फाटला. मुलगा खडकावर आदळला, खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या मित्रांनी मला तंबूत घेरून विचारलं, हा दुरुस्त कुणी केला होता? मी म्हणालो, "इंदापूरच्या टेलरनं. शिलाई उसवली." बाहेर होडीवाले उभे होते. संध्याकाळपर्यंत माझं वाक्य इंदापुरात पोचलं.

सोमवारी मास्तर माझ्या घरी आले. पतंग अंगणात पसरायला लावला. शिलाईवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. कापड तिच्या शेजारून फाटलं होतं, बरोबर फुली होती तिथंच. ते फुलीबद्दल काही बोलले नाहीत.

"टाका शाबूत हाय."

"व्हय."

"मग लोकास्नी तेवढं सांगा. ह्या गावात माझं नाव हाय ते टाक्यावरच हाय."

"सांगतो, मास्तर."

सांगितलं नाही. पोलिसांची भीती, तंबू बंद पडायची भीती. दोन-तीनदा मी त्यांच्या दुकानासमोरच्या चहाच्या हॉटेलापर्यंत गेलो. तिथं ट्रकवाले बसलेले असायचे. चहा पिऊन परत आलो. हळूहळू ताडपत्र्या बारामतीला जाऊ लागल्या. मास्तरांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. भेटले की एवढंच, "औंदा वारं कसं हाय?" त्यांनी चारचौघांत शिव्या द्याव्यात, म्हणजे मला बोलावंच लागेल, असं वाटायचं. ते देत नसत, म्हणून मला त्यांचाच राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात ते हृदयविकारानं गेले. तिसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. फुली त्यांनी मारली होती, ती मी पुसली, पतंग मी दिला, खोटंही मीच बोललो.

हणमंततात्या उठले. त्यांचे तीन ट्रक, ताडपत्री बारामतीला नेणारे पहिले तेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या, सुरेशराव. गेलेल्या माणसाची चूक आपल्या अंगावर घ्यायला लई मोठं मन लागतं."

"घेत न्हाय, तात्या. खरं सांगतोय."

"व्हय, व्हय. आमाला काय कळत न्हाय व्हय," म्हणत त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

सगळ्यांनी सरकून बाकावर मला जागा करून दिली. मी उभाच होतो. "बसा की," तात्या म्हणाले.

मी बसलो.