सुकापूर ते सावंतवाडी: सव्वा तासाचं विमान

मोबाइलवर उड्डाणाचा वेळ बघितला आणि मी चक्रावलेच. नवी मुंबई ते गोव्याचं मोपा: सव्वा तास. अंतर हवेतून जेमतेम चारशे किलोमीटर. आम्हा पनवेलकरांना कोकण-गोवा म्हटलं की पळस्पे फाटाच आठवतो. तिथून वळायचं आणि दहा तास कंबर मोडून घ्यायची. ऑफिसात साहेबांची विमानाची तिकिटं मीच काढते, तरी बाबांसाठी कधी बघावंसं वाटलं नव्हतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ बसवत नाही. त्यामुळे सावंतवाडीच्या आत्याला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, ते सात वर्षांत भेटलेच नव्हते.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सुकापूरहून विमानतळ टॅक्सीने अर्ध्या तासात. महिनाभर आधी काढलं तर तिकीट एसी बसच्या दुप्पट पडतं, पण कंबर शाबूत राहते. व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. खाणं घरून न्या. आतला चहा पिऊन बाबांनी ज्या नजरेने कपाकडे बघितलं, ती मी विसरणार नाही.

विमान वर गेलं, बाबांनी खाडी बघितली, जरा डोळा लागला आणि उतरायची घोषणा झाली. त्यांना पटेचना. शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेतली. मोपाहून बांद्यामार्गे सावंतवाडी पाऊण तास. जेवायच्या वेळेला आम्ही आत्याच्या दारात होतो.

आत्याने बाबांच्या तोंडावरून हात फिरवला, रडली, मग सोलकढी वाढली. बांगडे अप्रतिम होते. बाबा लहान मुलासारखे विमानाचं कौतुक सांगत होते, सकाळी पनवेलला नाश्ता आणि दुपारी इथे जेवण म्हणून. आत्या वाढता वाढता थांबली.

"बाबू, मगे हेंच्या वेळाक कित्याक नाय इलंस?"

हे म्हणजे तिचे यजमान. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा सकाळी सातला फोन आला होता. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल, शिवाय तुम्हाला झेपणार नाही, असं मीच बाबांना म्हटलं होतं. आम्ही येत नाही, असं आतेभावाला कळवलंही होतं.

"सुचलंच नाही, आक्का," बाबा म्हणाले.

"पाच वाजेसर थांबवन ठेयलेलंय सगळ्यांका. म्हटलंय, बाबू येतलो."

म्हणजे आम्ही येत नाही असं कळवूनही तिने पाचपर्यंत अंत्यविधी थांबवला होता. तिने आवाजही चढवला नाही, उलट बाबांना आणखी भात वाढला. पुढचे दोन दिवस मोती तलाव, बाजारातली लाकडी खेळणी, सगळं बघितलं. फोटोही चांगले आलेत. पण माझं लक्ष बाबांकडेच होतं. तो विषय दोघांनी पुन्हा काढला नाही.

येतानाही तेवढाच वेळ लागला. विमानात मी मनातल्या मनात हिशेब केला. सातला फोन, तेव्हाचं मुंबईहून विमान, टॅक्सी. कितीही उशीर धरला तरी तीनच्या आत पोचलो असतो.

घरी आल्यावर बाबा सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "तेव्हाही विमानं होती ना गं?"

"होती, पण ऐनवेळी तिकीट मिळालं नसतं, बाबा."

"तू बघितलं होतंस?"

मी बॅगेतून त्यांच्या गोळ्या काढत होते.

"नाही," मी म्हणाले.