बिनकुलपाचा खेळ आणि आमची खंडेनवमी

आमच्या घरात पूर्णपणे माझ्या मालकीची एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ.

फ्लॅट आईच्या नावावर आहे. गाडी बायकोच्या नावावर आहे आणि चालवतेही तीच. टीव्ही सगळ्यांचा आहे, म्हणजे जाहिराती चालू असताना माझा. पण खेळ माझे, शंभर टक्के माझे. सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर असलेला, केस पिकायला लागलेला माणूस घरी येऊन खेळ काय खेळतो, असं काही लोकांना वाटतं. (त्या लोकांपैकी एक आमची गाडी चालवते.)

आता 'माझे' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. बहुतेक ऑनलाइन दुकानं तुम्हाला खेळ विकतात, पण त्याला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवतात. तुम्ही खेळायला बसलात की तो खेळ आधी इंटरनेटवरून दुकानाला विचारतो, "हे गृहस्थ आपलेच ना?" दुकान हो म्हणालं तर तुम्ही खेळायचं. उद्या ते दुकानच बंद पडलं तर बसा टाळ कुटत. मी घेतो ते दुकान वेगळं आहे. तिथे पैसे दिले की अख्ख्या खेळाची फाइल तुमच्या हातात येते, बिनकुलपाची. ती हार्डडिस्कवर ठेवा, डिस्क कपाटात ठेवा, दहा वर्षांनी काढा, इंटरनेट असो नसो, खेळ चालणार. हॉटेलात लोणच्याची फोड वाढून मिळते आणि घरी बरणी असते, तेवढाच फरक.

दुःख एकच आहे. या बिनकुलपाच्या दुकानात सगळे खेळ येत नाहीत. कंपन्यांना भीती वाटते, लोक फुकट वाटत सुटतील. म्हणून दुकानाने एक सोय केली आहे, हवा असलेला खेळ मागायचा आणि त्याला मतं गोळा करायची. कॉलेजात असताना सायबर कॅफेत बसून मी जहाजांवरून मसाल्याचा व्यापार करायचा एक खेळ खेळायचो, तो मला हवा होता. मग मी प्रचाराला लागलो. कंपनीतल्या ऑपरेटरना चहा पाजला, फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, आईचा नवा ईमेल काढून तिलाही मतदार केलं. सायखेड्याच्या मामांनी फोन केला.

"भाच्या, दिलं रे मत. पण उभं कोण हाय?"

"माणूस नाही मामा, खेळ उभा आहे."

"बरं. निवडून आला तर आपल्या नदीकडच्या रस्त्याचं बघंल का?"

मी म्हणालो, बघेल. (प्रचारात एवढं चालतं.) आणि ध्यानीमनी नसताना, यंदा गणपती उठल्यावर, तो खेळ खरंच निवडून आला! नवी रंगरंगोटी होऊन आमच्या दुकानात दाखल झाला. मी त्याच दिवशी घेतला आणि डिस्कवर ठेवला. इतका आनंद मला प्रमोशनच्या वेळीही झाला नव्हता, हे मी बायकोसमोर बोलून गेलो.

या आनंदावर विरजण घालायला आला शेखर. शेखर म्हणजे माझा धाकटा साडू. अंबडला राहतो, लॅपटॉप भारीचा बाळगतो, आणि त्याचे सगळे खेळ कुलूपवाल्या दुकानातले.

"दादा, हाच खेळ माझ्याकडे कधीचा आहे," तो म्हणाला.

"तुझ्याकडे नाही, तुझ्या दुकानाकडे आहे. इंटरनेट काढलं की तू कोण आणि दुकान कोण."

"पण इंटरनेट जातंच कुठे आजकाल?"

"जाऊ दे की एकदा. मग बघू कोण खेळतंय."

तर पैज लागली. दसऱ्याला शेखरने सहकुटुंब आमच्याकडे जेवायला यायचं. इंटरनेट बंद करायचं आणि दोघांनी आपापल्या मशिनवर तोच खेळ लावायचा. ज्याचा लागणार नाही, त्याने पुढचे सगळे खेळ दुसऱ्याच्या दुकानातून घ्यायचे. मला ही पैज मनापासून जिंकायची होती. आमच्या दुकानाला गिऱ्हाईक वाढलं, तर कंपन्यांची भीती कमी होणार आणि आणखी खेळ येणार. शिवाय साडूला हरवण्याचं सुख वेगळंच असतं, ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

"तुम्ही वायफाय बंद केल्याचं दाखवाल आणि मागच्या दाराने चालू ठेवाल," जाता जाता शेखर म्हणाला.

हे मला लागलं. मी केबलवाल्याला फोन करून सांगितलं की आमची लाइन खांबावरूनच काढून टाक.

"साहेब, लोक मला चालू करायला फोन करतात," तो म्हणाला. "आणि दसऱ्याला मी गावी चाललोय, परत जोडायला तीन दिवस कोणी येणार नाही."

"उत्तम," मी म्हणालो.

नवमीच्या सकाळी तो येऊन लाइन काढून गेला. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. कॉम्प्युटरवर आधीच बसवलेला तो खेळ मी पुसून टाकला, म्हणजे शेखरच्या डोळ्यांसमोर डिस्कवरून नव्याने बसवता येईल. सिद्धांत दाखवायचा तर चोख दाखवावा, अशी आमच्या इन्स्पेक्शन खात्याची पद्धत आहे.

आता नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या सातपुरात मशिनांना हार, पेढे, नारळ. आणि घरी आई पाटावर हत्यारं मांडते. वडील टर्नर होते, त्यांचा मापं घ्यायचा व्हर्निअर असतो, विळी असते, बायकोची शिवणाची कात्री असते. मी कंपनीतल्या पूजेला निघत होतो, तेवढ्यात आईने विचारलं,

"अवि, तुझं हत्यार काय मांडू?"

दरवर्षी मी पेन देतो. पण त्या दिवशी माझ्या अंगात पैज संचारली होती. मी कपाट उघडलं, हार्डडिस्क काढली आणि तिच्या हातात दिली.

"हेच माझं हत्यार," मी म्हणालो, आणि ऐटीत जिना उतरलो.

संध्याकाळी परत आलो तर पाटावर सगळं साग्रसंगीत होतं. झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि मधोमध माझी डिस्क. काय चमकत होती! विकत घेतली तेव्हाही ती एवढी चमकली नव्हती.

"आई, डिस्क फारच चकचकीत दिसतेय."

"दिसणारच. विळीबरोबर घासली."

"कशाने?"

"चिंचेने. मग नळाखाली धरली चांगली. पूजेला मळकी वस्तू मांडतात का?"

"अगं, आत पाणी गेलं असेल."

"पुसली ना पदराने."

"आतून?"

"आतून कशी पुसणार? वस्तू तुझी, ती उघडता येईना मला."

मी डिस्क उचलायला हात पुढे केला, तर आईने तो वरच्या वर धरला. "हात लावायचा नाही. पूजेला बसलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलत नाहीत. तुमच्या कंपनीत आज मशिनं चालू करतात का?"

करत नाहीत. पूजेनंतर मशिन चालू करणाऱ्या एका ऑपरेटरला त्याच दुपारी मी चार माणसांत झापलं होतं, त्यामुळे मी हात मागे घेतला.

"मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात," बायको म्हणाली. तिचं नाव मनीषा, आणि संकटात तिचं डोकं फार छान चालतं.

"अक्षता आहेत की वर," आई म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्या झाल्या मी डिस्क कॉम्प्युटरला लावली. आतून कर्र असा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. दुसरी प्रत? प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीची दुसरी प्रत ठेवावी, असं मी फॅमिली ग्रुपवर कित्येक वर्षं लिहीत आलो आहे. त्या लिहिण्यातच मला इतकं समाधान मिळायचं की प्रत्यक्ष ठेवायची गरज कधी वाटली नाही.

"पण तुम्ही विकत घेतलाय ना? मग दुकानातून परत उतरवून घ्या," मनीषा म्हणाली.

"घेईन की. कितीही वेळा घेता येतो. हाच तर आपल्या दुकानाचा मोठेपणा आहे."

"मग घ्या."

"इंटरनेट नाहीये."

"का नाहीये?"

हे तिला माहीत होतं. तरी तिने ते माझ्या तोंडून काढून घेतलं.

मोबाइलवरून उतरवायला बसलो. पण नव्या रंगरंगोटीने तो खेळ चांगलाच फुगला होता. निम्मा उतरला आणि माझा त्या दिवसाचा डेटा संपला. मनीषाचा फोन मागितला. तिने दिला, पण सकाळपासून नातेवाइकांच्या सोन्याच्या पानांचे व्हिडिओ येऊन येऊन त्यातही फारसं काही उरलं नव्हतं. आईचा फोन बटणांचा. (तिने मत दिलं होतं ते माझ्याच कॉम्प्युटरवरून.) श्रीखंडाचा वास घरभर सुटला होता आणि पडद्यावरची निळी पट्टी शेवटाच्या अलीकडे येऊन थबकली होती. तेवढ्यात बेल वाजली.

शेखर आला. त्याने आपट्याची पानं दिली, पाया पडला, मग कॉम्प्युटरसमोर उभा राहून ती निळी पट्टी बराच वेळ वाचली.

"दादा, हे काय?"

"तयारी."

"इंटरनेटशिवाय चालणारा खेळ इंटरनेटवरून उतरतोय?"

"उतरत नाहीये. अडकलाय," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. चिंच आली तेव्हा त्याने तोंडावर रुमाल धरला. पण पोरगा मनाचा चांगला आहे, हे मान्य केलं पाहिजे.

"माझा हॉटस्पॉट देऊ का?"

"नको," मी म्हणालो. काही झालं तरी माणसाला तत्त्व असतं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "घे रे. सणाच्या दिवशी दिलेलं नाही म्हणू नये."

घेतला. आम्ही श्रीखंड-पुरी जेवलो आणि तेवढ्या वेळात साडूच्या इंटरनेटवर माझा स्वातंत्र्याचा खेळ डौलाने उतरला. मग मी हॉटस्पॉट बंद करायला लावला, मोबाइल पाटावर ओळीने मांडायला लावले आणि म्हणालो, "आता लाव."

शेखरने लॅपटॉपवर खेळ दाबला. पडद्यावर आलं, 'कृपया इंटरनेट जोडा.' त्याने पुन्हा दाबलं. दुकानाने पुन्हा तीच विनंती केली. इकडे मी दाबलं आणि समुद्र आला, जहाज आलं, कॉलेजातली ती जुनी धून आली. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली? आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बघ, धुतल्यावर कसं स्वच्छ दिसतंय."

शेखर शब्दाचा पक्का निघाला. त्याने तिथल्या तिथे आमच्या दुकानात खातं उघडलं, आणि अजून न आलेल्या दोन खेळांना मतंही दिली. मी जिंकलो होतो, त्यात शंकेला जागाच नाही.

दिवाळीला सासरी सगळे जमले, तेव्हा मी हा विजय सविस्तर सांगितला. चिंचेचा आणि जेवणाच्या वेळेचा भाग पाल्हाळ नको म्हणून गाळला. सासरे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी ते शेखरकडे वळले.

"म्हणजे यांच्या खेळाला इंटरनेट लागतच नाही?"

"अजिबात नाही, बाबा," शेखर लाडू फोडत म्हणाला. "मी स्वतः पुरवलंय, म्हणून खात्रीने सांगतो."

तरीही माझा सिद्धांत पक्का आहे आणि तो मी कुणाच्याही घरी येऊन सिद्ध करून दाखवायला तयार आहे. फक्त तुमच्याकडे वायफाय आहे ना, तेवढं आधी कळवा.